लाखीचा रिपोर्ट

डॉक्टर सपकाळे माणसांना अरे-तुरे करायचे आणि जनावरांना अहो-जाहो. बैल त्यांचा आबा, म्हैस त्यांची अक्का. "आबा, जरा बाजूला सरका बरं," अशी वळूची समजूत घालता घालता ते मालकावर खेकसायचे, "अरे ए, धर ना नीट!" एकदा तालुक्याचे एक पुढारी स्वतः गाय घेऊन आले. डॉक्टर गायीला म्हणाले, "या अक्का," आणि पुढाऱ्यांना म्हणाले, "तू तिकडे हो, उजेड अडतोय."

अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात मी पट्टीबंधक. म्हणजे सुई डॉक्टरांनी मारायची आणि लाथ मी खायची, अशी सरकारी विभागणी.

त्यांचं आणखी एक पालुपद होतं. कोणी काहीही ठामपणे सांगितलं की ते विचारायचे, "नमुना घेतला का?" एका साखरपुड्यात मुलाचे मामा कौतुकानं म्हणाले, "आमना पोऱ्या निर्व्यसनी शे." डॉक्टर पटकन म्हणाले, "नमुना घेतला का?" त्या घरचं लग्नाचं आमंत्रण आम्हा दोघांनाही आलं नाही.

त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या पडीक रानात काठेवाड्यांचा डेरा उतरला होता. कच्छकडची ही माणसं मेंढ्या आणि उंट घेऊन दरवर्षी येतात. डेऱ्याचे म्होरके वेलाभाई, आणि त्यांची बायको जीवीबेन. जीवीबेनची एक लाडकी उंटीण होती, लाखी. आई मेल्यावर तिला शेळीच्या दुधावर बाटलीनं वाढवलेली. जीवीबेनशिवाय कुणालाही ती जवळ येऊ द्यायची नाही. माझ्या डाव्या दंडावर तिच्या दातांची खूण आहे.

जीवीबेनला ताप भरला, मग धाप लागली. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, घरी जनावरं कोणती? उंट. दूध कसं पितात? कच्चं. त्यानं जे करायला हवं तेच केलं. उंटांकडून माणसात येणारा एक करोना असतो, आखातात त्यानं माणसं मेलीत, म्हणून बाईचे नमुने तपासणीला लावले आणि उंटांचेही घ्यायला कळवलं. नमुने पोचायच्या आत जीवीबेन गेली. आणि ती जायच्या आत बातमी गावात पोचली होती.

नळावर डेऱ्याच्या हंड्यांना बंदी झाली. गिरणीवाल्यानं त्यांचं दळण परत केलं. आम्ही शीतपेटी घेऊन पोचलो तेव्हा रस्त्यावर अर्धं गाव काठ्या घेऊन उभं होतं, शेजारी जेसीबी.

सरपंच पुढे आले. "डाक्टर, बठ्ठा गाव सांगी ऱ्हायना, उंटं मारा. खड्डा आमी खंदतस."

"सगळं गाव?" डॉक्टर म्हणाले. "नमुना घेतला का?"

कोणी हसलं नाही. डॉक्टरही हसले नाहीत. "रिपोर्ट येईपर्यंत एकाही जनावराला हात लागला तर पहिली तक्रार माझी," एवढं बोलून ते अंगात पांढरं किट चढवू लागले.

बाकीच्या उंटांच्या नाकांत कापसाच्या लांब काड्या घालून, रक्त काढून झालं. राहिली लाखी. दोघं पोरं दोर घेऊन गेली आणि पळत परत आली. वेलाभाई लांब मातीत बसले होते. बायको गेल्यापासून ते लाखीकडे फिरकले नव्हते.

"भाई, तुम्ही धराल का तिला?" मी विचारलं.

ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "इसीने खाया मेरी जीवी को. रोज इसका दूध पीती थी."

डॉक्टर म्हणाले, "जीवीबेनची ओढणी आहे का रे कुठे?"

वेलाभाईंच्या सुनेनं खाटेकडे बोट दाखवलं. काळी, लोकरीची, जड ओढणी. डॉक्टरांनी ती किटावरून डोक्यावर घेतली. गॉगल, मास्क, हातमोजे आणि वर बाईची ओढणी. रस्त्यावरची पोरं खिदळायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं.

मग लाखीनं मान खाली घातली. तिनं ओढणी हुंगली, इकडून, तिकडून. तिच्या गळ्यातून लहान पिल्लासारखा आवाज निघाला, आणि तिनं डोकं डॉक्टरांच्या खांद्यावर टेकवलं. रस्त्यावरचं हसणं थांबलं.

"अक्का," डॉक्टर म्हणाले, "एवढं नाक द्या."

तिनं दिलं.

काम झाल्यावर ओढणी जाळावी लागली. तसा नियमच आहे. मी काडी पेटवायला गेलो तर डॉक्टरांनी काडेपेटी माझ्या हातातून घेतली. लोकर जळताना भयंकर वास येतो. वेलाभाई शेवटपर्यंत बघत बसले.

सकाळी गेलो तर रानात चुलीचे दगड तेवढे उरले होते. गावानं त्यांना रातोरात हाकललं होतं.

पुढं रिपोर्ट आला. एकाही उंटात काही नव्हतं. बाईलाही तो करोना नव्हता, छातीत जुना टीबी होता. मी सरपंचांना फोन केला. "मंग बरं झायं," ते म्हणाले आणि लाळ्या-खुरकूतची लस कधी येणार ते विचारलं. वरिष्ठांनी प्रकरण बंद केलं. वेलाभाईंना कळवायचं कुणाचंच काम नव्हतं, आणि त्यांच्याकडे फोनही नव्हता.

डॉक्टर दर सुट्टीला आपली जुनी गाडी काढू लागले. सोबत मी. पारोळा झालं, धुळ्याच्या आसपासची रानं झाली. "काठेवाडी दिसले का रे?" असं विचारत आम्ही पश्चिमेला सरकत होतो. शेवटी साक्रीच्या पुढे एका माळावर डेरा सापडला.

लाखी सगळ्यांपासून दूर, बाभळीला बांधलेली होती. पुढचा गुडघा आवळलेला, बरगड्या वर आलेल्या. सून हळूच म्हणाली, गिऱ्हाईक ठरलंय, उद्या घेऊन जाणार. कुठं, ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

डॉक्टर वेलाभाईंसमोर उकिडवे बसले. "लाखीच्या नाकात काही नव्हतं. रक्तातही नव्हतं. जीवीबेनला टीबी होता, फार जुना. दुधानं काही झालं नाही."

"पक्का?"

"पक्कं. कागद आणलाय, पण तुम्ही माझ्या तोंडून ऐका."

माणसाला 'तुम्ही' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

वेलाभाईंनी विचारलं, "ये बोलने को इतना दूर आया?"

डॉक्टर जमिनीकडे बघत होते. "माझी बायको करोनात गेली. ती घराबाहेर पडत नव्हती. मी रोज ड्यूटीवरून घरी यायचो. माझ्यामुळे गेली की नाही, हे आता कोणीच सांगू शकत नाही. तुमचं सांगता येत होतं."

मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत. वहिनी गेल्या तेव्हा ते लगेच कामावर आले होते, आणि केवढा घट्ट माणूस म्हणून आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

वेलाभाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग उठून बाभळीकडे गेले, वाकले आणि लाखीच्या पायाचा दोर सोडायला लागले. गाठ आवळून बसली होती, सुटता सुटत नव्हती. सून मदतीला निघाली तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

डॉक्टर तिकडे पाठ करून गाडीशी उभे राहिले. मी बराच वेळ त्यांना हाक मारली नाही.