अण्णांचं कागदी रुखवत

सकाळी साडेसातला पेपर आला की आठच्या ठोक्याला अण्णा दारात. "झाला का वाचून?" आम्ही अजून पहिल्याच पानावर असायचो. अण्णांना बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ते पेपराचा कोपरा चिमटीत धरायचे आणि निकाल द्यायचे, "आत काय बी लिवू देत, कागद झ्याक वळतोय."

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या खोलीत ते एकटे राहायचे. एसटीत कंडक्टर होते, उभी नोकरी चंदगडच्या गाडीवर गेली. रिटायर झाले आणि कागदाच्या टोपल्या विणायचा नाद लागला. सायकलच्या तारेवर कागदाची पट्टी तिरकी गुंडाळायची, टोकाला खळ लावायची आणि तार ओढून घ्यायची की झाली नळी. विणताना एक नळी संपली की तिच्या तोंडात दुसरी खुपसायची. तेव्हा अण्णा जुन्या आवाजात ओरडायचे, "आत सरका, आत! जागा हाय!" टोपली पुरी झाली की तोंडानंच टिंग टिंग. गल्लीत घरटी एकतरी टोपली होती आणि नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

कागदाची म्हणून कुणी नाक मुरडलं की अण्णा टोपली पालथी घालायचे. "बसा की पावणं. मोडली तर नाव बदला माझं." माझ्या बहिणीला बघायला वारणानगरचे पाहुणे आले, तेव्हा अण्णांनी मुलाच्या मामांना असंच बसवलं. मामा चांगले नव्वद किलोचे. टोपली मोडली नाही, पण मामा उठले तेव्हा पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर मागं शाईचे काळे पट्टे! लग्न तरीही ठरलं. आईनं मात्र अण्णांची धास्तीच घेतली.

"रुखवत माझ्याकडं," अण्णांनी परस्पर जाहीर करून टाकलं. दोन महिने विणत होते. झाकणाचे डबे, सूप, परडी, एवढीशी एसटीसुद्धा. मग एक दिवस जादा पत्रिका मागायला आले. "सुनंदाला धाडतो, मुरगूडला."

सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून अण्णा लग्नाला गेले नव्हते, साधं भांडंही दिलं नव्हतं. दहा वर्षं येणंजाणं बंद.

"तिला तर काय दिलं न्हाई मी," अण्णा म्हणाले. "निदान बघंल तरी, बापाला बी रुखवत करता येतंय ते. टेबलाच्या मधी ठेवा बरं का."

लग्नाच्या सकाळी आई हटून बसली. "रद्दीचं रुखवत मांडलं तर पावणं हसतील." खरं सांगायचं तर लाज मलाही वाटत होती. मी महाद्वार रोडवरून तयार रुखवत आणलं, थर्मोकोलचं देऊळ आणि मोत्यांचे हंस. अण्णांचं सगळं सामान कार्यालयाच्या कोठीत नेऊन ठेवलं. दहा वर्षांत न फिरकलेली सुनंदा आता कुठली येते, अशी मनाची समजूत घातली.

सुनंदा आली.

कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले अण्णा तिचा हात धरून थेट टेबलापाशी घेऊन आले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. मी अत्तरदाणी घेऊन शेजारीच उभा.

"कुठं हाय अण्णा तुमचं रुखवत?" सुनंदानं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. कोठी दहा पावलांवर होती. 'थांबा, आणतो' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? इतकी वर्षं झाली, पण ते दोन शब्द न बोलल्याचं अजून मनाला खातं.

"पुरं झालंच न्हाई गं," अण्णा म्हणाले. "आता हात चालत न्हाईत माझं. चल, तू जेवून घे."