सुतारमामांच्या घट्ट फळ्या

"यंदा बंधाऱ्यातून मुंगीला प्यायला पुरेल एवढंही पाणी गळणार नाही," असं सुतारमामांनी भर चौकात सांगून टाकलं.

मी फ्रॉकमध्ये होते तेव्हाची ही गोष्ट. बंधारा लहानसाच, पण उन्हाळ्यात सारं गाव पोहायला आणि होड्या वल्हवायला तिथेच. बंधाऱ्याच्या दारात मामा दरवर्षी लाकडी फळ्या बसवत आणि दरवर्षी त्या अशा गळत, की पाणी घाटाच्या शेवटच्या पायरीशीच घुटमळायचं. गेल्या वर्षी होड्यांची शर्यत चिखलात रुतली, तेव्हा हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मामा, पुढच्या वर्षी दुसरा सुतार बघू का?" ते वाक्य मामा वर्षभर उशाशी घेऊन झोपले.

यंदा फळ्या अशा तासल्या की फटीत केस शिरेना. शुक्रवारी त्या ठोकल्या. मग सहाही होड्या, कुणी आधीच पळवू नयेत म्हणून, नेहमीसारख्या शेवटच्या पायरीच्या कड्यांना आखूड साखळीने कुलूपबंद केल्या.

रविवारी सकाळी, शर्यतीच्या दिवशी, मामी धापा टाकत आल्या. "अहो, पाणी काठोकाठ आहे."

"मग? मी काय सांगत होतो?"

"होड्या नाहीत."

घाटावर हेडमास्तर हवालदाराला न पाहिलेल्या चोरांचं वर्णन सांगत होते, "चार तरी असतील. धिप्पाड." मामींनी वाकून पाण्यात पाहिलं.

"चोर कुठले? त्या काय, खाली बसल्यात ओळीने."

साखळी आखूड आणि पाणी दोन पुरुष खोल! दोन पट्टीचे पोहणारे बुडी मारून आले. एकाला कुलूप सापडेना, दुसऱ्याने किल्ली घालवली.

"पाणी सोडा," हेडमास्तर म्हणाले.

आठ जण पहारी घेऊन फळ्यांना भिडले. फुगलेल्या फळ्या तसूभर हलेनात. प्रत्येक हिसक्याला मामांचा जीव खालीवर व्हायचा, आणि फळी जागची हलली नाही की चेहरा उजळायचा.

"मामा, निघणार कधी या?"

"वाळल्या की आक्रसतील."

"वाळणार कधी?"

"पाणी गेलं की."

"आणि पाणी कधी जाणार?"

पहिल्या नंबराने पास झालेल्या लेकाकडे बघावं, तसं मामांनी त्या पाण्याकडे बघितलं.

"ते कसं जाईल, हेडमास्तर? फळ्या मी बसवल्यात."