बाई उलट्या दिसतात

"अहो, धावा! उलटी झाली!"

बाहेरच्या खोलीतून बायकोची किंकाळी आली, तसे कंपोझिटर बादली घेऊनच धावले.

"बादली कशाला? मी उलटी झालेय! ही बघा!"

संगणकाच्या पडद्यावर वरून टेबल लोंबकळत होतं आणि खाली बाईंचा अंबाडा होता. पावणेअकरा वाजले होते. अकराला बाईंचा भरतकामाचा पहिला ऑनलाइन वर्ग, आणि नावं दिली होती अठ्ठावीस जणींनी. वीस वर्षं घरात सतरंजीवर शिकवणाऱ्या बाई आठवडाभर आरशासमोर तालीम करत होत्या. या संगणकात चारच दिवसांपूर्वी विंडोज काढून लिनक्स घातलं होतं ते कंपोझिटरांनी, तेही छाती ठोकून. आज फजिती झाली असती तर बाई पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसल्या नसत्या, आणि कंपोझिटरांना पुन्हा संगणकाला हात लावायला मिळाला नसता.

"पाच मिनिटांचं काम!" ते बाह्या सरसावत म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला होता. खिळे जुळवायचा छापखाना बंद पडल्यापासून त्यांची बोटं नुसती शिवशिवत होती.

फोनवर उपाय सापडला. काळ्या खिडकीत एक हुकूम टाइप करायचा, आणि सुरुवात 'सुडो' या इंग्रजी शब्दानं करायची, म्हणजे संगणक मालकाचं ऐकतो. कंपोझिटरांनी चार कळा दाबल्या. उमटली एक अधांतरी मात्रा आणि पुढे 'ह्द'.

"हद्द झाली!"

"काय झालं?"

"मी नाही, हाच म्हणतोय."

सकाळी वर्गाची सूचना लिहून झाल्यावर बाईंनी कीबोर्ड मराठीवरच ठेवला होता. तो इंग्रजीवर आणला, तर आता पासवर्ड हवा. तो टाइप करताना पडद्यावर साधं टिंबही उमटत नाही, ही लिनक्सची रीतच आहे. कंपोझिटरांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी कीबोर्ड आपटला, उलटा करून झटकला, सेल बदलले.

"अहो, दिसत नाही म्हणून होत नाही असं थोडंच आहे? एंटर मारा!"

त्यांनी पासवर्ड नव्यानं टाइप करून एंटर मारलं. क्षणात अख्खा पडदाच खालचा वर झाला.

"झाले की मी सरळ!" बाईंनी टाळी वाजवली.

"तू सरळ झालीस गं, पण बाकीचं सगळं उलटं झालं!"

एवढ्यात अकरा वाजले. बाईंनी पदर सावरून हसतमुखानं नमस्कार केला.

"बाई, तुम्ही उलट्या दिसताय!" एक आवाज आला.

"छे गं! मला मी सरळ दिसतेय. तुझाच संगणक बघ."

"आम्हालाही उलट्याच दिसताय!" चौफेर हशा पिकला. बाईंचे कान लाल झाले. पण त्या काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी कॅमेरा खाली वाकवला. "तोंड काय बघायचंय माझं? हात बघा," म्हणत त्यांनी सुई ओवली आणि साखळी टाका सुरू केला.

कंपोझिटर बाजूनं वाकून कोपऱ्यातली काळी खिडकी वाचू लागले. पडदा उलटा, अक्षरं उलटी, पण पस्तीस वर्षं त्यांनी शिशाची उलटी अक्षरंच वाचली होती! त्यांना तर स्वतःच्या छापखान्यात परतल्यासारखं वाटलं. माऊस उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळे, तरी त्यांनी एकेक हुकूम हुडकला, पडदा सरळ केला, मग कॅमेऱ्याचं चित्रही सरळ केलं.

"जमलं!" ते आनंदानं ओरडले.

पलीकडे सगळ्यांच्या सुया मध्येच थांबल्या.

"बाई," एक जण चाचरत म्हणाली, "कुणी सरळ केलं हो? मघाशी तुमचे हात समोरून न दिसता आमच्या बाजूनं, अगदी आमच्याच हातांसारखे दिसत होते. सुई नेमकी कुठून घालायची ते आज पहिल्यांदा कळलं."

"उलटंच करा ना, बाई!" सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या.

बाईंचा चेहरा फुलला. "ऐकलंत ना? करा उलटं."

"करतो की! फक्त तो हुकूम... कुठला होता बरं..." कंपोझिटर फोन वरखाली करू लागले. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाईंनी कॅमेरा काढला, हातानंच उलटा केला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं टेबलाच्या दिव्याला अडकवला.

"आता दिसतंय?"

"दिसतंय, बाई!"

कंपोझिटरांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा चिमट्याकडे.

"बरोबर," ते गंभीरपणे म्हणाले, "मी आता तेच सांगणार होतो."