निम्मी भट्टी बँकेची

व्याज घेणे वाईट, याबद्दल धर्मज्ञ, तत्त्वज्ञ आणि हप्ते थकवलेले लोक या तिघांचे एकमत आहे. म्हणूनच बँकेने इस्लामी अर्थतत्त्वांवर चालणारा व्याजमुक्त विभाग उघडला. कर्ज नाही, भागीदारी. नफा दोघांचा, तोटाही दोघांचा. (तोट्याचे वाक्य माहितीपत्रकात होते, पण बारीक अक्षरात.) विभागप्रमुख साहेबांनी उभी हयात व्याज वसूल करण्यात घालवली होती, त्यामुळे विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

पहिल्या भागीदार बेकरीवाल्या बाई. त्यांनी करार शेवटपर्यंत वाचला. बँकेच्या इतिहासात असा प्रकार पूर्वी घडलेला नव्हता.

नफा येत होता तोवर तत्त्वे उत्तम चालली. मग एका सकाळी साहेब दाढी करत असताना फोन आला.

"भागीदार, भट्टी कोसळली. लवकर या."

"बाई, मी बँकेत असतो."

"म्हणूनच तर! निम्मी भट्टी बँकेची आहे. आणि पडलीय ती तुमचीच बाजू."

साहेब गेले. दिवसभर विटा उचलल्या, पिठाने माखले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, गरम पाव दिला. आजवर साहेबांना पाहून लोकांनी दारे लावली होती. खुर्ची कोणी दिली नव्हती. साहेबांनी आणखी एक पाव मागून घेतला. (भूक लागली होती म्हणून, असे त्यांनी नंतर सांगितले.)

त्यांनी निम्मा तोटा बँकेच्या नावे मांडला. विभागाचे सल्लागार मौलाना गहिवरले. "आम्ही हेच तर सांगत आलोय," ते म्हणाले, "पण कोणी खरंच करेल असं वाटलं नव्हतं."

नियमाप्रमाणे ठेवीदारांचाही वाटा घटला. पहिले धावत आले ते साहेबांचे सासरे, जेवताना व्याजाच्या पापावर रोज प्रवचन देणारे.

"जावईबापू, तत्त्व मला मान्य आहे. पण ते माझ्याच ठेवीला कशाला लावायचं?"

"पण तुम्ही भागीदार आहात ना?"

"नफ्यात भागीदार आहे. तोट्यात मी म्हातारा माणूस आहे."

बँकेने तातडीने सुधारणा केली. भागीदाऱ्या मोडल्या. आता बँक वस्तू विकत घेते आणि ठरलेल्या चढ्या भावाने ग्राहकाला हप्त्यांवर विकते. चढ्या भावाला नफा म्हणतात. तो शेजारच्या खिडकीवरील व्याजाइतकाच निघतो, हा निव्वळ योगायोग.

भट्टीतला बँकेचा हिस्साही विकायला निघाला. त्यातला अर्धा साहेबांनी स्वतःच्या शिलकीतून घेतला. घरच्यांनी त्यांना खुळ्यात काढले. उरलेला पाव हिस्सा अजून शिल्लक आहे. सासऱ्यांना हसलेल्या कोणाही वाचकाने तो जरूर घ्यावा. नफा झाला तर मिळेल, भट्टी पडली तर विटा उचलाव्या लागतील.

"पण साधारण किती टक्के सुटतील?" असे आत्ता तुम्ही मनात विचारलेत. बाईंना ते ऐकू गेले.