पुंडलिक आत्माराम, राहणार बार्शीटाकळी

दारात उभं राहून कोणी "पुंडलिक हाय का घरी?" म्हटलं, तर आतून उत्तर यायचं, "कोनता पुंडलिक?" घरात पुंडलिक एकच. गल्लीतही एकच. तरी "पुंडलिक आत्माराम" म्हटल्याशिवाय हा गृहस्थ बाहेर येत नसे. एका लग्नपत्रिकेवर त्याच्या नावापुढे बापाचं नाव नव्हतं, तर मांडवाच्या दारातच अडून बसला. नवरदेवाच्या मामाने दौत-टाक शोधून ते नाव चढवलं, तेव्हा पंगतीला बसला. जेवला मात्र चौघांचं.

मी तेव्हा अकोल्याच्या एका पतपेढीत कारकून होतो. हे वेड माझ्याच टेबलावर सुरू झालं, त्यामुळे त्याला हसायचा मला तसा हक्क नाही.

पुंडलिकचा भाजीचा मळा होता. विहिरीची एक बाजू ढासळली, ती बांधायला त्याला कर्ज हवं होतं. जन्माने तो सुखदेवबुवांचा मुलगा. पण निपुत्रिक थोरल्या चुलत्याने, आत्मारामने, त्याला आठव्या वर्षी दत्तक घेतलं आणि मागे मळा ठेवला. अर्जावर मी "पुंडलिक आत्माराम" लिहिलं. खाली सही करताना या पठ्ठ्याने शाळेत पहिल्यांदा गिरवलेलं नाव लिहून टाकलं, पुंडलिक सुखदेव. माझ्याही लक्षात आलं नाही. नागपूरचे तपासणी साहेब असल्या चुका हुडकतच असत. मळा एकाचा, सही दुसऱ्याची, असा शेरा मारून अर्ज परत आला. त्या उन्हाळ्यात त्याची अर्धी वांगी वाळली.

"चुकी हाताची हाय," तो म्हणाला. "आता हातालेच सरळ करतो."

आणि भिडला. रोज पाटीवर सही गिरवू लागला. पटवाऱ्याच्या नोंदी, बाजारच्या पावत्या, देवळाच्या वर्गणीची यादी, सगळीकडे एकच नाव करून घेतलं. "कागदाले डोये नसतात भाऊ, कागदाले कागदच दिसते," हे त्याचं पालुपद.

मग त्याने घर सुधारायला घेतलं. सुखदेवबुवांचा मळा शेजारीच. त्यांना तो आजवर "बा" म्हणे, आता "काका" म्हणू लागला. मुलीला ताकीद दिली, "आजा नाई म्हनाचं. चुलत आजा म्हनाचं." पोरगी "चुलत आजा, गूळ द्या" म्हणे आणि म्हातारा हसून गूळ देई.

मला ते बघवेना. म्हटलं, "अरे, त्यांचा काय गुन्हा?"

"गुन्हा काहून? तोंडाले सवय पडली का हाताले पडते."

दुसऱ्या अर्जाच्या वेळी जामीनदार हवा होता. वेगळा निघालेला चुलता पेढीला चाले, बाप चालत नसे. पुंडलिकने सुखदेवबुवांनाच आणलं. एकूण एक कागद जुळत होता. इतका स्वच्छ अर्ज मी नोकरीत पाहिला नव्हता.

"अर्जदाराशी नातं?" मी विचारलं.

म्हातारा ताठ बसला. पाठ केल्यासारखा म्हणाला, "चुलता. पुतन्या हाय माहा. माहा त्याचा दुसरा काई संबंध नाई."

शेवटचं वाक्य त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पोराच्या कामात काही कमी पडू नये म्हणून ते त्याने पदरचं घातलं होतं. मी "चुलता" लिहिलं.

"खोडा," पुंडलिक म्हणाला.

"काय?"

"थे खोडा. बाप लिवा."

"अरे, जामीन बाद होईल! तुझी विहीर..."

"विहीर बांधतोच मी. पुढच्या बाजारी दुसरा जामीन आनतो. तुमी लिवा." (त्याने तसा आणलाही, आणि कर्जही घेतलं.)

सुखदेवबुवा त्याची बाही ओढू लागले. "पुंडलिक, काहून कागद खराब करून राहिला?"

"बा, तू गप बस."

मी खोडलं आणि वर "बाप" लिहिलं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. "कोनतं हाय थे?" त्याने हळूच विचारलं. मी दाखवलं. त्याने त्या अक्षरांवर बोट टेकवलं आणि तसाच बसून राहिला. शाई ओली होती, पण मी त्याला अडवलं नाही.