ग्लेनिसचा हिरवा ठिपका

ग्लेनिसचं नाव आज नको, उद्या काढू, असं नेव्हिलने ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

नेव्हिल बॅलरॅट गावातल्या एका पंपांच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळायचा. पंपांचे नकाशे ज्या सॉफ्टवेअरवर काढतात, त्याचा परवाना माणशी एक. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं नाव त्याच दिवशी काढायचं, नाहीतर सॉफ्टवेअरवाले कंपनीला कोर्टात खेचणार. या बाबतीत नेव्हिल महाकडक! (सख्ख्या मेव्हण्याचं नाव त्याने निरोपाचा केक कापायच्या आधीच उडवलं होतं.)

पण ग्लेनिस पडली बायको. पलीकडच्याच टेबलावर बसून नकाशे काढायची. मग तिला देशाच्या पार पश्चिम टोकाला, पोर्ट हेडलंडच्या खाणीत दोन वर्षांचं काम मिळालं. "जा की! मला काय होतंय?" असं हा मोठ्या तोऱ्यात म्हणाला आणि विमानतळावरून घरी येऊन कुत्र्यासमोर ढसाढसा रडला. फोनवर दोघांची गाडी "इकडे गार आहे", "इकडे गरम आहे" याच्या पुढे काही सरकेना.

कारखान्यात कोण कामाला बसलंय ते नेव्हिलच्या स्क्रीनवर दिसायचं, नावापुढे हिरवा ठिपका. तो ठिपका जाऊ नये म्हणून हा रोज सकाळी तिच्या रिकाम्या टेबलाशी जाऊन तिच्या नावाने सॉफ्टवेअरमध्ये शिरायचा. (पासवर्ड म्हणून आधी स्वतःचं नाव टाकून पाहिलं, मग लग्नाची तारीख. कुलूप उघडलं ते पिकल्सच्या, म्हणजे कुत्र्याच्या नावाने.) मग जागेवर येऊन चहा पीत ठिपक्याकडे बघत बसायचा. बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटायचं.

आणि एके दिवशी सॉफ्टवेअर कंपनीची तपासनीस टॅम्सिन येऊन थडकली.

"ही ग्लेनिस कोण?"

"ती तर केव्हाच गेली," मालक फर्गस म्हणाला.

"गेली? अहो, रोज दिवसभर आत असते. आणि एक रेघसुद्धा काढत नाही!"

फर्गस लालबुंद झाला. "म्हणजे तिकडे बसून आमचे नकाशे चोरतेय! नेव्ह, तुझी बायको असली तरी सोडणार नाही. खाणवाल्यांना आत्ताच कळवतो."

नेव्हिल चहा ठेवून ताडकन उठला. तिची नोकरी जाणार! (नोकरी गेली तर घरी येईल, असं त्याच्या मनात क्षणभर येऊन गेलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.)

"तिला नको रे यात ओढू! मीच शिरतो तिच्या नावाने."

"तू? आणि करतोस काय?"

"काही नाही. ठिपका बघतो."

"ठिपका?"

"तिची आठवण येते रे, फर्गस. फार येते."

टॅम्सिनचा काही विश्वास बसेना. तिने सरळ ग्लेनिसला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "तुमच्या नावाने इथे कोणीतरी शिरतंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? रोज माझ्या फोनवर निरोप येतो ना तसा."

"मग तक्रार का नाही केली?"

पलीकडे ग्लेनिसने घरघरणारा पंखा बंद केला.

"कशाची तक्रार? इथलं घड्याळ तुमच्या मागे, तेव्हा अजून अंधार असतो. निरोप आला की कळायचं, नेव्ह उठला, आवरून कामाला गेला. मग मलाही उठावंसं वाटायचं. शनिवार-रविवारी मात्र जीव टांगणीला लागायचा."

फर्गस उगाच खिडकीबाहेर बघू लागला. टॅम्सिनने नाक पुसलं आणि पुसून झाल्यावर ग्लेनिसचं नाव काढून टाकलं. नियम तो नियम. ठिपका विझला.

"आता तुला कसं गं कळणार मी उठलो ते?" नेव्हिलने रडवेल्या आवाजात विचारलं.

"अरे वेड्या, रोज सकाळी फोन करायचा!"

नेव्हिलचा ऊर भरून आला. "करतो! रोज करतो! पण मी बोलू काय?"

"तू नको काही बोलूस," ग्लेनिस म्हणाली. "फोन पिकल्सच्या तोंडाशी धर. त्याच्याशी माझं छान जमतं."