मानाच्या जावयाचा पहिला रोल

"ह्यो डबा गळ्यात घालून तुमी मांडवात हिंडणार?" तात्यासाहेबांनी विचारलं, आणि पुंजारामनं डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

डबा म्हणजे कॅमेरा. तोही उसना, औरंगाबादेत गुलमंडीवर हबीबचाचांचा स्टुडिओ होता तिथला. आणि तात्यासाहेब म्हणजे सासरे. कन्नडला त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं आणि पुंजाराम थोरला जावई. चाचांनी त्याला साफ सांगितलं होतं, "एक शादी का रोल ला. छत्तीस में बीस फोटू बी अच्छे निकले, तो सोमवार से दुकान में बैठ." नाही निघाले तर काय, तेही ठरलेलं होतं. तात्यासाहेबांनी साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. त्या काट्याचं नाव निघालं तरी पुंजारामचा घास तोंडातच फिरायचा.

चाचांनी कॅमेरा, फ्लॅश, सेल आणि एक रोल दिला, वर उपदेशही दिला. "फ्लॅश मारा तो लाल बत्ती जले तक रुकना. पैलेच पूरा रोल नक्को फूंकना. अंतरपाट गिरता वो घडी नक्को छोड़ना. और रोनेवाली माँ कू ढूंढना, मियाँ, वोईच असली फोटू रहता." पुंजाराम आठ दिवस हे घरात मोठमोठ्यानं पाठ करत होता. वच्छला, त्याची बायको, हातातली भाकरी तव्यावर टाकून नवरी म्हणून समोर उभी राहायची. त्यानं एखादं वाक्य गाळलं की तीच आठवण करून द्यायची, "अवं, लाल बत्ती राह्यली की!"

एवढी तयारी करून गेलेल्या माणसाला सासरा म्हणतो डबा! पण तात्यासाहेबांचंही खोटं नव्हतं. दोन वर्षांमागं त्यांच्या भावाच्या, आप्पासाहेबांच्या घरच्या लग्नात पैठणच्या जावयाला टोपी द्यायची राहून गेली होती. तो भरल्या ताटावरून उठला आणि बायकोला घेऊन एसटीत बसला तो अजून परतला नव्हता. तेव्हापासून या घराण्यानं जावयांचा धसका घेतला होता.

"मामा, हे काम नाय, कला हाय," पुंजाराम म्हणाला.

"कला आसंल. पन लोक म्हनतील, तात्यानं जावयाला राबिवलं."

तेवढ्यात नवरदेवाची वरात आली. पुंजारामनं कॅमेरा डोळ्याला लावला, फोकस केला, आणि मागून आप्पासाहेबांनी त्याचा दंड धरला. "जावईबापू, पाय धुवायचे राह्यले तुमचे!" चौरंगावर बसवलं, पाणी आलं. कॅमेरा भिजेल म्हणून पुंजारामनं तो घाईघाईनं वच्छलाच्या हातात दिला. पाय धुऊन होईस्तोवर नवरदेव घोड्यावरून उतरून आत गेला होता.

मग फेटा. बांधणाऱ्यानं असा काही प्रेमानं बांधला की उजवा डोळा झाकून गेला. नेमका कॅमेऱ्याला लावायचा डोळा! पुंजारामनं फेटा वर सरकवला की कुणीतरी मायेनं खाली ओढायचं. "राहू द्या, राहू द्या, शोभतोय."

मंगलाष्टकं सुरू झाली. आता नाही तर कधीच नाही म्हणून त्यानं वच्छलाकडून कॅमेरा हिसकावला आणि लोखंडी खुर्चीवर चढला. खालून नवरदेवाच्या बापानं विचारलं, "हे फोटोवाले कुठले म्हनायचे?"

"फोटोवाले कामून? जावई हायेत आमचे," आप्पासाहेब अभिमानानं म्हणाले, आणि जीभ चावली.

"आस्सं! थोरल्याला खुर्चीवर चढिवलं. मग आमच्या पोराला काय, मांडवाच्या खांबावर चढिवता का?"

वऱ्हाड खो खो हसलं. तात्यासाहेबांचं तोंड उतरलं. पुढच्या क्षणी चार हात आले, पुंजाराम अलगद खाली उतरला आणि दोन म्हाताऱ्यांच्या मधे गादीवर बसवला गेला. एका हातात नारळ, दुसऱ्यात टॉवेल-टोपी. गळ्यातला कॅमेरा कुणीतरी काढूनही घेतला.

"अंतरपाट! अहो, अंतरपाट पडंल!" तो ओरडला.

"पडू द्या की," शेजारचा म्हातारा म्हणाला. "त्यो पडायलाच धरत्यात."

आणि अंतरपाट पडला. अक्षता उडाल्या, बँड वाजला, आणि समोरच्या गर्दीत फ्लॅश चमकला. एकदा. मग पुन्हा. रोल एकच, आणि कोण मेलं बटण दाबतंय! पुंजाराम उठायला गेला तर म्हाताऱ्यानं मांडीवर हात ठेवला. "रुसू नका, पाव्हणं."

जेवणं झाल्यावर कॅमेरा सापडला, वच्छलाच्या गळ्यात. रोल संपलेला.

"कुणी दाबलं गं?"

"मीच. तुमाला हलायची चोरी आन मला माहेरात बसायची चोरी. हिंडतच होते, म्हनलं दाबावं."

पुंजारामनं कॅमेरा तिच्या गळ्यातून काढून पिशवीत ठेवला. परतीच्या एसटीत तो नारळ मांडीवर घेऊन बसला. घाटात त्याला कारखान्याचा काटा दिसत होता, उसाच्या बैलगाड्यांची रांग दिसत होती, आणि त्या रांगेला अंत नव्हता.

चौथ्या दिवशी चाचांनी फोटो काउंटरवर पसरले. अंतरपाट निम्मा खाली आलेला. अक्षता हवेत. पदरात तोंड लपवून रडणारी नवरीची आई. एकेक असा की बघत राहावं.

"पुंजाराम, माशाअल्लाह!" चाचांनी त्याची पाठ थोपटली. "छत्तीस के छत्तीस!"

आता खरं सांगावं की नाही? पुंजारामनं तोंड उघडलं, काटा आठवला, आणि मिटलं. माणूसच तो. लाजून हसला.

चाचांनी पुढचा फोटो उचलला. फेट्यानं एक डोळा झाकलेला, हातात नारळ, आणि जगातलं सगळं दुःख तोंडावर घेऊन गादीवर बसलेला खुद्द पुंजाराम.

"ये तू है ना?"

"हौ."

"फिर ये खींचा किसने?"

"घरवाली ने," पुंजाराम जमिनीकडं बघत म्हणाला. "सबच."

चाचांनी सगळे फोटो पुन्हा एकेक करून चाळले. मग म्हणाले, "सोमवार से उसकू भेज. तू बी आ, सामान उठाने कू कोई तो होना."

वच्छला सोमवारी गेली. चाचांनी तोच फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. पंधरा दिवसांत बिडकीनचे एक शेतकरी नवरा-बायको तो बघून आत आले. पुंजाराम काउंटर पुसत होता.

"बाई, आमच्या पोरीच्या लग्नाला तुमीच या," शेतकरी वच्छलाला म्हणाला. "लई झ्याक फोटू काढता." मग काचेतल्या फोटोकडं बोट करून, पुंजारामकडं चोरून बघत त्यानं आवाज खाली आणला. "फकस्त ह्यो मानूस संगं आनू नका. सुभकार्य हाय आमचं."